बांधाच्या पोटातलं पाणी

शनिवारी संध्याकाळी निशिगंधा सावेच्या हातात एकाच बांधाची तीन उत्तरं होती, आणि सही मात्र एकाच उत्तराखाली करायची होती.

डहाणू रोडला स्टेशनजवळच्या एका इमारतीत, पहिल्या मजल्यावर त्यांचं ऑफिस होतं. माणसं दोनच. ज्यांचं ऑफिस ते प्रितमसर, आणि ती. काम मातीचं. कुठे पूल व्हायचा असेल, भराव घालायचा असेल, तर खालची माती किती सोसेल ते आधी संगणकावर करून बघायचं आणि मग सांगायचं. एरवी हे काम शांतपणे चालत असे. या खेपेला मात्र तिचा पाय टेबलाखाली सारखा हलत होता आणि तिसरा चहा न पिताच गार झाला होता.

तलासरीच्या बाजूला, डोंगराच्या पायथ्याशी करंजपाडा नावाचा पाडा आहे. पाड्याच्या वरच्या अंगाला मातीचा बांध घालून अडवलेला जुना तलाव. या पट्ट्यात गेली काही वर्षं जमीन अधूनमधून हलते. आधी पोटातून गुरगुरल्यासारखा आवाज येतो, मग भांडी वाजतात, कौलं सरकतात, आणि पुन्हा सगळं गप्प. लोकांना त्याची सवय झाली होती. पण या पंधरवड्यात हादरे जरा जोरात बसले आणि बांधाच्या माथ्यावर लांबच लांब चीर पडली. तलाव काठोकाठ भरलेला, आणि बांधाच्या पायाशी पाडा. सगळ्यांचीच झोप उडाली. पाड्यातल्या लोकांना शाळेच्या मैदानात तंबू ठोकून दिले आणि वर, सरकारी कचेरीत, ठरलं की सोमवारी सकाळी तलावाचं गेट पूर्ण उघडायचं आणि तलाव रिकामा करून टाकायचा. त्याआधी फक्त एक दाखला हवा होता : असं केल्याने बांधाला धोका नाही. तो दाखला निशिगंधाने द्यायचा होता.

खरा बांध मोडून तर बघता येत नाही. म्हणून संगणकात त्याच्यासारखा एक खोटा बांध उभा करतात. मासेमारीच्या जाळ्याला जशी घरं असतात तसे त्याचे बारीक बारीक तुकडे पाडतात, प्रत्येक तुकड्याला मातीचे गुण देतात आणि मग त्याला विचारतात, बाबा रे, पाणी उतरलं तर तू काय करशील? याला मॉडेल म्हणतात. अडचण एवढीच, की माती कशी वागते हे त्या खोट्या बांधाला आधी आपणच शिकवायचं असतं. जे शिकवाल तेच तो बोलून दाखवतो.

निशिगंधाने त्याला तीन तऱ्हांनी शिकवून पाहिलं होतं.

पहिल्या मॉडेलमध्ये माती म्हणजे एक घट्ट ठोकळा. तिची ताकद ठरलेली, आणि आत पाणी किती आहे ते आपण सांगू तेवढंच. हे मॉडेल म्हणालं, गेट खुशाल उघडा. दुसऱ्यात पाणी मातीच्या कणाकणांतून वाट काढत सावकाश झिरपतं, आत अडकतं, मातीला आतून ढकलतं, आणि बाहेर पडायला वेळ घेतं. हे मॉडेल म्हणालं, असल्या काळ्या मातीत पाणी केव्हाच पार आतवर मुरलं असणार. एकदम गेट उघडलंत तर बांधाचा पाण्याकडचा उतार घसरून तलावात बसेल. तिसऱ्यात जमिनीचे हादरेही होते. त्याची चित्रं तांबडी-हिरवी, बघत राहावीत अशी. पण त्याला मातीचे इतके गुण सांगावे लागत, की निम्मे तिने दूरदेशीच्या मातीवरच्या निबंधांतून उचलले होते. एक आकडा जरासा हलवला की बांध पडे, दुसरा हलवला की उभा राही.

"अजून बसलीयस?" प्रितमसर दारात उभे राहून हेल्मेट काढत होते. ते करंजपाड्याहूनच आले होते; पँटला गुडघ्यापर्यंत रस्त्याची लाल धूळ. "निशी, पहिलं मॉडेल घे आणि मोकळी हो. उद्या सकाळी दाखला पाठवायचाय."

"सर, दुसरं वेगळं सांगतंय."

"दुसऱ्याला वाटतंय आत पाणी आहे. आपला पाइप म्हणतोय नाही. कोणाचं ऐकायचं?"

पाइपाची गोष्ट अशी. हादरे सुरू झाल्यावर बांधाच्या माथ्यावरून एक पाइप थेट तळापर्यंत उतरवला होता. बांधाच्या पोटात पाणी जितकं चढेल तितकंच ते पाइपात चढतं, म्हणजे पोटात काय चाललंय ते वरून कळतं. नवीन नावाचा तिथलाच एक तरुण दर आठवड्याला पाइपात फीत सोडून पाणी बघायचा. गेली दोन वर्षं तो एकच शब्द कळवत होता : कोरडा.

"काळी चिकट माती, घट्ट ठोकलेली. पाणी आत शिरलंच नाही, एवढाच त्याचा अर्थ," सर म्हणाले. "पाइप जमिनीत आहे, निशी. मॉडेल तुझ्या लॅपटॉपात आहे. मी तुला पहिल्या दिवशी काय शिकवलं होतं?"

"मोजलेलं आणि मांडलेलं यांत भांडण झालं तर मोजलेलं खरं."

"मग?"

निशिगंधाने दुसऱ्या मॉडेलचं चित्र त्यांच्याकडे वळवलं. सर खुर्ची ओढून बसले. आवाज खाली आणून म्हणाले, "हे बघ. तंबूत माझ्या डोळ्यांदेखत एक बाई दोन पोरं मांडीवर घेऊन बसल्या बसल्या झोपली होती. चीर माझा हात आत जाईल एवढी आहे. पाणी काढून टाकलं की प्रश्न संपला. तुला आणखी काय पाहिजे?"

"सर, आत पाणी असेल तर ते काढून टाकतानाच बांध जाईल."

"असेल तर!" सर उठले. "उद्या दुपारपर्यंत. त्याच्या पुढे मला थांबवता येणार नाही."

घरी आल्यावरही तिच्या जिवाला चैन पडेना. लहानपणी डहाणूच्या किनाऱ्यावर ती आणि तिची धाकटी बहीण शितल वाळूचे कोट बांधायच्या. लाट आली की शितल भिंतीमागे ओणवी होऊन हाताने टेकू द्यायची. पण भिंत लाटेने कधीच पडायची नाही. लाट भिंतीला टेकलेली असेपर्यंत भिंत उभी असायची. लाट मागे सरली, की भिजून जड झालेली वाळू पुढच्या बाजूला फसकन बसायची. लाटेचा टेकू गेला आणि आतलं पाणी आतच राहिलं, म्हणून. शितल दर वेळी रडायची, "आता तर लाट गेली होती!"

रविवारी सकाळी ती स्कूटरची किल्ली घेऊन बाहेर पडली, तर तिची आई हिरकणी वाडीत चिकू उतरवायला निघालेली.

"रविवारची कुठे गं?"

"तलासरीला. एका पाइपात डोकावून येते."

"एवढं शिकवलं ते पाइपात डोकवायला?" आईने तिच्या पिशवीत चार चिकू कोंबले. "डोकावून झालं की खा. दबलेलेत, आजच संपव."

रानशेत गाव मागे पडलं, पुढे महामार्ग लागला. दोन्ही बाजूंना भात कापणीला आलेलं, मध्येच कापलेल्या शेतांत उडव्या रचलेल्या. ते सगळं तिच्या डोळ्यांसमोरून गेलं, पण तिने काही पाहिलं नाही. डोक्यात एकच प्रश्न घुमत होता. पाइप खोटं कसं बोलेल?

नवीन बांधावर वाट बघत होता. सडपातळ, हसरा, गळ्यात गमछा. गेटच्या चाकाला कुणीतरी ताजं ग्रीस फासलं होतं, आणि माथ्यावरच्या चिरेवर ठिकठिकाणी चुन्याचे आडवे पट्टे ओढले होते. चीर रुंदावली की पट्टा तुटतो. दोन पट्टे तुटलेले होते.

"मॅडम, तुमी कशाला आलात? कोरडाच आहे. मी फोनवर सांगितलं असतं."

"मला एकदा बघू दे."

फितीच्या टोकाला पितळी गोळा होता; तो पाण्याला टेकला की वरच्या डबीतून टीं असा आवाज येतो. पाइपाला झाकण नव्हतं. निशिगंधाने गोळा आत सोडला. फीत सरसरत गेली आणि थांबली. डबी गप्प.

"बघा. कोरडा," नवीन म्हणाला.

निशिगंधाने फीत जराशी उचलून पुन्हा सोडली. पुन्हा उचलली, पुन्हा सोडली. पाइप खडकापर्यंत नेलेला. गोळा खडकावर, निदान पाइपाच्या बुडावर आपटला तर हाताला टणक लागायला हवं होतं. हे मऊ लागत होतं, उशीवर मूठ मारावी तसं. तिने फितीवरचा आकडा पाहिला, पुन्हा पाहिला.

"नवीन, पाइप चाळीस फूट आहे ना?"

"हो."

"फीत दहा फुटांवर थांबलीये."

"नेहमी तिथंच थांबते."

"नेहमी? मग तू कधी सांगितलं का नाहीस?"

"तुमी पाणी विचारता, मॅडम. पाणी नाय तर नाय. किती खोल पाणी नाय, ते कोणी विचारलंच नाय."

तिने रागाने त्याच्याकडे पाहिलं, आणि राग मध्येच विरला. त्याचं खरं होतं. दोन वर्षं 'कोरडा' हा शब्द तिनेच मॉडेलात भरला होता, आणि तिनेही विचारलं नव्हतं. तिने फीत वर ओढली. गोळ्याला काळपट लगदा लागला होता. बोटांनी चोळून बघितला तर त्यात तांदळाचे दाणे. कुजून फुगलेले, आणि काही अजून लालसर, कुंकवाच्या रंगाचे.

"हे काय?"

नवीन पायाच्या अंगठ्याने माती उकरायला लागला. "तांदूळ."

"ते दिसतंय मला. आत कसे गेले?"

"टाकतात, मॅडम. हादरा बसला की. पाड्यातले सगळेच." आणि मग, आपल्या कामात खोट नव्हती हे तिला कळावं म्हणून घाईघाईने, "मी पण टाकतो. पण चिमूटभरच. आणि फीत वाचून झाल्यावर टाकतो, आधी कधी नाय!"

निशिगंधाला हसू आलं. एवढ्यात बांधाच्या टोकाकडून एक म्हातारी बाई येताना दिसली. गुडघ्यापर्यंत नेसलेलं लुगडं, कोपरापासून मनगटापर्यंत गोंदण, हातात पळसाच्या पानाचा द्रोण. पहाटे एक हलकासा हादरा बसून गेला होता, ते निशिगंधाला आठवलं.

"ही रूपीआजी," नवीन पुटपुटला. "हिनेच सुरू केलं."

रूपीआजी सरळ पाइपापाशी आली, द्रोणातले नवे तांदूळ चिमटीत धरले, कपाळाला लावले, आणि निशिगंधा "आजी, थांबा!" म्हणेपर्यंत ते आत गेलेही.

"का थांबू, बाय?"

"आजी, हा पाइप बांधाच्या पोटातलं पाणी बघायला आहे. त्यात तांदूळ टाकले तर तो बंद होतो."

"तुमी धरतरीला भोक पाडलं," रूपीआजी शांतपणे म्हणाली. "मशीन लावून. ते भोक पाडलं, तवापासून गुरगुर जास्ती वाढली. मी इथं कान लावून ऐकलंय. आतून येते. पोट गुरगुरतं ते कशानं? उपाशी असलं म्हणजे. मग जे आमी खातो ते तिला द्यायचं, का नाय द्यायचं? पयल्या मोठ्या हादऱ्याला मी खोबऱ्याची अख्खी वाटी दिली."

"याच्यात?"

"मग काय नवीनच्या तोंडात?"

खोबऱ्याची वाटी. निशिगंधाला पाइपाचं पोट डोळ्यांसमोर दिसलं. दहा फुटांवर पाइपाचा जोड, जोडाला आतून ओठ. तिथे खोबरं अडकलं, खोबऱ्यावर तांदूळ साचले, तांदूळ भिजून फुगले आणि बूच बसलं. बुचाच्या खाली काय आहे ते कुणालाच माहीत नव्हतं, आणि सगळे म्हणत होते कोरडा. यात आजीला हसावं तर नारळीपौर्णिमेला आपली स्वतःची आई काय करते? आणि आजीने निदान आत कान तरी लावला होता.

"आजी, तुमचं चुकलं असं मी म्हणत नाही. पण उद्या गेट उघडायचं ठरलंय. त्याआधी मला हे साफ करावंच लागेल."

"उद्या?" रूपीआजीने द्रोण खाली ठेवला. "सगळं पाणी सोडणार?"

"तसं ठरलंय."

"आणि मग मिरची कशावर लावू? विहिरी तलावावर जगतात, बाय. तलाव गेला की माघातच तळ दिसतो." ती बांधाखाली पाड्याकडे बघत राहिली. तंबूंच्या निळ्या ताडपत्र्या उन्हात चकाकत होत्या. "पाणी ठेवलं तर बांध अंगावर येईल म्हणतात, सोडलं तर तहान. तुमी शिकलेले, तुमी सांगा, कायतरी मधलं नाय का?"

"ते सांगायलाच मला आत बघायचंय."

म्हातारीने जरा विचार केला. "बघ. पण तिचं जेवण काढशील ते फेकायचं नाय. माझ्या पदरात दे."

तसंच झालं. नवीनने शेतावरचा डिझेल पंप ओढत आणला, त्याला बारीक काळी नळी जोडली आणि ती पाइपात उतरवली. आधी लांब सळईने बूच फोडलं. मग पाण्याच्या जोराने तांदूळ, चिखल, खोबऱ्याचे काळे तुकडे भडभडून वर यायला लागले. आंबूस वास सुटला. रूपीआजी पदर पसरून उभी होती आणि मिळेल ते गोळा करून करंजाच्या झाडाखाली नेऊन ठेवत होती.

"पाहिलंस नव्या, किती जेवली दोन वर्षांत?"

"तरी गुरगुरतेच, आजी."

"तुझी आजी पण जेवून गुरगुरते!"

फीत आता चाळीस फुटांवर गेली आणि खालून टणक आवाज आला. डबी तर दहा-बारा फुटांपासूनच वाजत होती. नवीन उडालाच. "मॅडम, पाणी!"

"हे आपण सोडलेलं पाणी आहे," निशिगंधा म्हणाली. "याच्यावर विश्वास नाही ठेवायचा. हे सगळं उपसून टाकू. मग जे आतून येईल ते बांधाचं."

लांब, बारीक नळकांड्याने ते पाइपातलं पाणी उपसत राहिले. नंतर काही करायचं उरलं नाही. थांबायचं होतं. काळी माती पाणी सोडते, पण अगदी जिवावर आल्यासारखी. पोरांना गणित घातलं की एखादं मूल उत्तर माहीत असूनही तोंड उघडत नाही. त्याच्यावर खेकसून उपयोग नसतो, बाजूला बसून राहावं लागतं. निशिगंधाला मात्र बसवत नव्हतं. ती चिरेच्या कडेकडेने बांधाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालायची, परत यायची, फीत सोडायची. पाणी थोडं चढलेलं असायचं. पुन्हा चालायची. आईच्या चिकूंतला एक तिने नवीनला दिला, दोन आजीला, आणि स्वतःच्या हातातला तसाच चिरडून टाकला.

प्रितमसरांचा फोन आला तेव्हा दुपार कलली होती.

"दाखला कुठेय? मला दोनदा विचारणा झाली."

"सर, पाइपात बूच होतं. तांदळाचं."

"कशाचं?"

तिने सगळं सांगितलं. सर हसले नाहीत. त्यांनी एकच विचारलं, "आता पाणी कुठेय?"

"चढतंय. अजून थांबलेलं नाही."

"थांबलं की फोन कर."

उन्हं डोंगराआड जायच्या बेतात असताना पाणी थांबलं. तिने फीत पुन्हा पुन्हा सोडली. पितळी गोळा बारा फुटांवर टेकायचा आणि डबी टीं करायची, दर वेळी तिथेच. समोर तलावाचं पाणी होतं, आणि पायाखाली बांधाच्या पोटातलं पाणी त्याच्याहून थोडंच खाली येऊन उभं होतं. बांध कोरडा नव्हता. तो भिजलेल्या वाळूच्या कोटासारखा होता, आणि तलावाचं पाणी हाच त्याचा टेकू होता. उद्या सकाळी तिच्या सहीने तो टेकू काढून घेतला जाणार होता. तिने पिशवीतून लॅपटॉप काढला आणि पाइपाशेजारीच बसून आजचा आकडा मॉडेलांत भरला.

"सर, गेट पूर्ण नाही उघडायचं," ती फोनवर म्हणाली. "दुसरं मॉडेल खरं आहे. आत पाणी आहे. एकदम सोडलं तर पाण्याकडचा उतार जाईल, त्याच्यासोबत माथा जाईल, आणि चीर आधीच पडलेली आहे."

"मग काय, भरलेला ठेवायचा? त्यात हादरा बसला तर? तुझं तिसरं मॉडेल काय म्हणतं?"

"तिसरं मी बाजूला ठेवलंय. त्यात भरायला माझ्याकडे खरं काही नाही, सर. सगळं उसनं आहे. ते जे बोलतं ते या मातीचं बोलणं नाही. दुसऱ्याला जे लागतं ते मात्र मी आज हातात धरून मोजलं."

"निशी, लोक घाबरलेत. त्यांना मी काय सांगू?"

"गेट फटीएवढं उघडायचं. रोज सकाळी पाइप वाचायचा. तलावाबरोबर पाइपातलं पाणी उतरलं तर आणखी थोडं उघडायचं. मागे राहिलं तर गेट बंद करून ते खाली येईपर्यंत थांबायचं. असं निम्म्यावर आणायचं आणि निम्मं पाणी ठेवायचं. निम्म्या पाण्याला हा बांध हादऱ्यातही टिकेल असं पहिलं साधं मॉडेलसुद्धा सांगतं, आजचं पाणी आणि हादऱ्याचा एक ठोक धक्का त्याला सांगून विचारलं तरी. तोवर लोक तंबूतच राहू देत."

"आणि चुकलं तर?"

"चुकलं तर पाइप आधी सांगेल, आणि हळू चाललोय म्हणून थांबता येईल. पूर्ण उघडलेलं गेट वेळेत बंद होत नाही, सर."

प्रितमसर म्हणाले, "तसं लिहून पाठव. सकाळी मी येतो. चाक माझ्यासमोर फिरेल, आणि मी सांगेन तेवढंच फिरेल." आणि फोन ठेवता ठेवता, "झाकण आण त्या पाइपाला. कुलपाचं."

सोमवारी चाक फिरलं ते पाव वळसा. पूर्ण उघडायच्या तयारीने आलेली माणसं कुरकुरली. गेटखालून मनगटाएवढी धार निघाली आणि ओढ्याला लागली. मंगळवारी तलाव बोटभर उतरला. पाइपातलं पाणी होतं तिथेच. बुधवारी तलाव आणखी उतरला आणि पाइपातलं पाणी हलेना. सरांनी गेट बंद करायला लावलं. "आता?" त्यांनी विचारलं. "आता थांबायचं," ती म्हणाली. त्या रात्री ती जेवली की नाही हे तिचं तिलाच आठवत नव्हतं.

गुरुवारी ती पोहोचली तेव्हा रूपीआजी आधीच बांधावर होती. पाइपाला आता कुलपाचं झाकण होतं. शेजारी नवीनने ओढ्यातला एक सपाट दगड आणून बसवला होता आणि त्यावर थोडे तांदूळ होते. दोन साळुंक्या ते टिपत होत्या.

"आजी, इथे दिलं तर पोहोचतं का?"

"बघू," आजी म्हणाली. "निदान खातंय कोण ते तरी दिसतं."

निशिगंधाने कुलूप काढलं, फीत आत सोडली. पितळी गोळा खाली जात होता आणि एवढ्यात पायाखालून ती ओळखीची गुरगुर आली. बांध थरथरला. साळुंक्या उडाल्या. गोळा पाण्याला लागत-सुटत होता आणि डबी टीं-टीं-टीं करत आपली आपण वाजत राहिली. तिघंही पाण्याकडच्या उताराकडे बघत होते. वरून दोन-चार ढेकळं गडगडत जाऊन पाण्यात पडली, वर्तुळं उठली, काठाला लागून विरली. उतार होता तसाच राहिला.

डबी हळूहळू गप्प झाली. निशिगंधाने फीत दोन्ही हातांनी ताणून धरली आणि गोळा पुन्हा अगदी सावकाश खाली सोडला. कालच्या खुणेवर तो आला, तरी डबी वाजली नाही. फीत आणखी सरकली. मग टीं.

"किती?" नवीनने विचारलं.

"चार बोटं खाली."

"म्हणजे?"

"म्हणजे पोटातलं पाणी निघायला लागलं." तिने तलावाकडे बघितलं. "सरांना फोन लाव. पाव वळसा उघडा म्हणावं. पावच. आणि उद्या मी येईपर्यंत कुणी चाकाला हात लावायचा नाही."

नवीन फोन काढून बांधाच्या टोकाकडे चालायला लागला, तिथे रेंज चांगली येत असे. रूपीआजीने कमरेच्या घडीतून आणखी चिमूटभर तांदूळ काढले, दगडावर ठेवले, आणि मग निशिगंधाच्या हातातली फीत बघून म्हणाली, "ते वाजायचं यंत्र दे बाय जरा. मला पण ऐकू दे आत काय म्हणते ती."

निशिगंधाने डबी तिच्या कानाजवळ धरली आणि गोळा पुन्हा आत सोडला.